कूलरच्या तळावरचे स्वस्तिक

धर्मचंदशेठच्या शीतगृहात एकच नाक शाबूत होते, आणि ते माणसाचे नव्हते.

मिरचीच्या धंद्यात नाक फार काळ टिकत नाही. पहिल्या हंगामात माणूस शिंकतो, पुढच्या हंगामात खोकतो, त्यानंतर त्याला काहीच कळेनासे होते आणि मग लोक कौतुकाने म्हणतात, हा आता तयार झाला. नंदुरबारच्या मिरची बाजारापासून जरा बाहेर, उघड्या माळावर उभ्या असलेल्या त्या इमारतीत अशी तयार झालेली माणसेच कामाला होती. थंड खोल्यांच्या पुढे एक लांब बंदिस्त दालन होते. खोल्यांतून झिरपणाऱ्या गारव्यामुळे मे महिन्यातही तेथे बसवत असे, म्हणून खुडणीच्या बायका तेथेच गोण्या ओतून घेत, देठ खुडत आणि डागी माल बाजूला टाकत. डोळ्यांना धार आणि घशात ठसका हे त्या दालनाचे बारमाही हवामान होते. त्याविषयी कोणी बोलत नसे.

त्याच दालनाच्या छताखालून अमोनियाचे नळ गेले होते. अमोनियाही डोळे झोंबवतो आणि घसा आवळतो. फरक एवढाच की मिरची माणसाला रडवून सोडून देते. अमोनिया साचला तर सोडत नाही.

धूर दिसला की अग्नी ओळखावा, असे आपल्या नैयायिकांनी शिकवले. पण एकच खूण दोन कारणांची असू शकते आणि तिच्यावर डोळे झाकून विसंबणारा फसतो, हेही त्यांनीच बजावून ठेवले. शीतगृहाने त्यातला पूर्वार्ध तेवढा उचलला होता. जेथे जेथे ठसका, तेथे तेथे मिरची, हा तेथला सिद्धान्त होता आणि त्यावर कोणाची हरकत नव्हती. त्याला अपवाद असू शकतो हे जाणणारी एकच वस्तू त्या इमारतीत होती: दालनाच्या भिंतीवर बसवलेली, काडेपेटीएवढी, गॅस ओळखणारी डबी. तिला जे कळे ते ती तारेतून शेजारच्या केबिनमधल्या जुन्या कॉम्प्युटरला सांगे, आणि कॉम्प्युटर भोंगा वाजवून नळाची झडप बंद करी. कॉम्प्युटर बंद असला की डबी मुकी.

आणि तो कॉम्प्युटर आता दिवसातून अनेकदा आपोआप बंद पडू लागला होता.

शीतगृह उभे राहिले त्या वर्षी बडोद्याच्या कोणा कारागिराने तो बसवून दिला होता. त्याने लिहिलेला प्रोग्राम आणि मदरबोर्डात खोचलेले त्याचे कार्ड दुसऱ्या कोणत्याही मशीनवर चालत नव्हते. आणि कारागीर स्वतः कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हते. दुसरे एखादे घराणे अशा मशीनची काळजीने देखभाल करते. धर्मचंदशेठच्या घराण्याने त्याची पूजा केली. दर लक्ष्मीपूजनाला त्याला हार चढे, कुंकू लागे, नारळ फुटे, आणि शेठच्या मातोश्री दाखूबाई, ज्यांना सगळे माजी म्हणत, त्याच्या माथ्यावर मूठभर अक्षता टाकत. माथ्यावर हवा जाण्यासाठी जाळी होती. मीमांसकांनी कर्माची फळे दृष्ट आणि अदृष्ट अशी वाटून दिली आहेत. या कर्माचे अदृष्ट फळ शेठना काय मिळाले हे सांगणे कठीण आहे. दृष्ट फळ मशीन दुरुस्त करायला आलेल्या हेमकांतच्या चिमट्यात होते. तो तांदळाचा एक लालसर दाणा होता. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या आसापाशी तो रुतून बसला होता, आणि त्याच्याभोवती मिरचीच्या भुकटीचा थर वीट भाजावी तसा भाजून निघाला होता. पंखा अडखळे, प्रोसेसर तापे, मशीन स्वतःला वाचवण्यासाठी डोळे मिटून घेई.

हेमकांत लोणखेड्याच्या शेतकरी घरातला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून तो एका महाविद्यालयात तासावर शिकवत होता. तासावर शिकवणाऱ्याला मे महिन्यात सुट्टी नसते, बेकारी असते. म्हणून उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर दुरुस्त करी. त्याची बायको दीपमाला याच शीतगृहात मालाची प्रत आणि ओल तपासण्याच्या कामावर होती आणि दिवसभर त्या बंदिस्त दालनात खुडणीच्या बायकांमध्ये वावरे. त्या दालनाला वेगळी, स्वतंत्र भोंग्याची गॅस-डबी बसवा, असे हेमकांतने शेठना दोनदा सांगितले होते. शेठ म्हणाले होते, हंगाम होऊ द्या. मिरचीचा हंगाम संपतो तेव्हा साठवणीचा सुरू होतो, हे शेठना ठाऊक होते आणि हेमकांतलाही.

जुन्या मशीनला बसणारा कूलर, म्हणजे धातूच्या पत्र्यांचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा, नवा कुठेच मिळेना. शेवटी सुरतच्या भंगार बाजारातून एक सापडला आणि रेल्वेने आला. कॉम्प्रेसर चालवणाऱ्या लोटनने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“हाऊ कूलर?” तो म्हणाला. “आनि पानी कठे टाकानं येन्हामा?”

हेमकांत हसला नाही. कूलर बसवायचा म्हणजे कॉम्प्युटर बंद करायचा, आणि तेवढा वेळ दालनात बसलेल्या बायकांना कोणी राखणदार नाही. तेवढा वेळ त्यांना बाहेर, कडुनिंबाखाली बसवावे, एवढीच त्याची मागणी होती. शेठ गल्ल्यावरून उठले नाहीत. गाडी दारात उभी आहे, माल संध्याकाळच्या आत भरायचा आहे, असे त्यांनी सांगितले, आणि मग समजुतीच्या सुरात विचारले, “मास्तर, अर्धा घंटामा दुनिया बुडी जास का?” शेठ त्याला नेहमी मास्तर म्हणत, त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे हेमकांतने मोजणे कधीच सोडून दिले होते.

तो दीपमालाकडे गेला. निदान तिने तरी बाहेर थांबावे, असे त्याने हळू आवाजात सुचवले. ओल मोजायचे यंत्र गळ्यात अडकवून ती आत निघाली होती. तिने डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या. तेथे सगळ्यांचेच डोळे टिपण्याजोगे असत.

“मी बाहेर बसनू, ते ह्या बाया मझार का बरं बसतीन?” ती म्हणाली. आणि जाता जाता, तुम्ही आपला तांदूळ निवडा, असे म्हणून हसली.

दालनाचे मोठे शटर लू, म्हणजे उन्हाळी झळ, आत येऊ नये म्हणून ओढलेले होते. केबिनजवळचे जाड दार तिच्यामागे रबरी कडांसह बंद झाले. त्या दाराला तळहाताएवढी काच होती, तिच्यातून आतले दिसे. आवाज फारसा येत नसे. मोबाइलची रेंज तर मुळीच जात नसे.

कॉम्प्युटर बंद करण्याआधी हेमकांतने लोटनला घेऊन नळांवरून एक फेरी मारली. सगळे ठीक दिसत होते. दालनाच्या पार टोकाला, शेवटच्या खोलीच्या दारावर, एका झडपेच्या मानेला मात्र ओले फडके गुंडाळलेले होते. फडक्यावर बर्फाची पांढरी बुरशी धरली होती. लोटनने सांगितले की ती झडप कायमच थोडी घाम देते, संध्याकाळी माल गेला की आवळू. फडके कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, वास येऊ नये म्हणून. वास येतो का, असे विचारल्यावर म्हणाला, आपल्याला कुठे येतो. झडपेच्या बरोबर खाली तुळशीबाई नावाची म्हातारी बाई मिरचीच्या ढिगाला पाठ लावून बसली होती. तिने वर पाहिले आणि खोकून पुन्हा देठ खुडू लागली. खोकला मिरचीचा होता. मिरचीचाच असणार.

तो केबिनमध्ये परत आला तेव्हा पूजा आटोपली होती.

दाखूबाई पितळी तबक घेऊन घरून आल्या होत्या. घरात नवी वस्तू आली की तिच्यावर आधी साथिया, म्हणजे कुंकवाचे स्वस्तिक. मग ती वापरायची, हा त्यांच्या घरचा नेम. बाईंनी कॉम्प्युटरच्या खोक्याला चारी बाजूंनी ओल्या हळदीची बोटे ओढली होती. ती हळद त्यांच्या स्वयंपाकघरातली, गाठी आणून स्वतः दळवून घेतलेली. विकतच्या पुडीवर त्यांचा विश्वास नव्हता. उरलेल्या हळदीची वाटी त्यांनी तारा आत येण्यासाठी भिंतीला पाडलेल्या भोकाखालच्या फळीवर ठेवली होती. आणि नव्या कूलरवर साथिया काढायचा तर कोणत्या जागी? पंख्यावर जागा नव्हती, पत्र्यांवर बोट टेकत नव्हते. खाली मात्र तांब्याचा चौकोनी तळ होता, आरशासारखा सपाट, जणू साथियासाठीच घासून ठेवलेला. बाईंनी त्यावर घट्ट भिजवलेल्या कुंकवाने सुरेख साथिया काढला होता, वर तीन ठिपके, ठिपक्यांवर चंद्रकोर, आणि प्रत्येक ठिपक्यात तांदळाचा एकेक दाणा दाबून बसवला होता.

तो तळ प्रोसेसरला केसाचेही अंतर न ठेवता भिडला पाहिजे. उष्णता तेथूनच वर जाते. त्या सबंध वस्तूत कुंकू लावू नये अशी एकच जागा होती.

हेमकांतने स्पिरिटचा बोळा घेतला. दाखूबाईंनी त्याचा हात धरला. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

“पुसू नको रे भाऊ,” त्या म्हणाल्या. “मांडेल साथिया कोन्ही पुसस का?”

शेठ दारात येऊन उभे राहिले. चिमूटभर कुंकवाने काय होते, असे ते म्हणाले. मग दाराच्या काचेकडे, म्हणजे काचेपलीकडच्या दीपमालाकडे, पाहत त्यांनी सहज सांगितले की माणसे इथे घरच्यासारखी राहतात म्हणून कामावर टिकतात. धमकी इतकी सभ्य असली की तिला उत्तर देता येत नाही. सुशिक्षित माणसे अशा वेळी जे करतात ते हेमकांतने केले: मधला मार्ग काढला. तांदळाचे दाणे चिमट्याने उचलले, कुंकू राहू दिले, आणि वरून उष्णता वाहून नेणारी पेस्ट जरा जास्त लावू असे स्वतःला समजावले.

त्याने कॉम्प्युटर बंद केला. भिंतीवरच्या डबीचा काचेतून दिसणारा हिरवा दिवा विझला.

जुना कूलर काढणे हेच मुळात भयंकर काम. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मधली पेस्ट सिमेंटासारखी वाळलेली असते. ओढला तर प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो आणि त्याचे केसासारखे पाय वाकतात. त्यांतला एक जरी मोडला तर ते मशीन पुन्हा बोलणार नव्हते. त्याने दोन्ही खटके उचलले आणि बरणीचे घट्ट झाकण फिरवावे तसा तो ठोकळा अगदी किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरवू लागला. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. भिंतीपलीकडे कोणीतरी खोकले. मग दुसरे कोणीतरी. तो थांबून ऐकू लागला. लोटन म्हणाला की नवी गोणी फोडली असेल. ठोकळा हलला, कुरकुरला, आणि सुटला. प्रोसेसर जागेवर होता.

त्याने प्रोसेसर पुसून लख्ख केला, पेस्ट लावली आणि साथियासकट नवा कूलर त्यावर ठेवला. चारी आकडे अडकवून खटका दाबला तेव्हा सबंध मदरबोर्ड धनुष्यासारखा वाकला आणि कुठेतरी बारीक आवाज झाला. काही तडकले की आकडा बसला, ते कळायला मार्ग नव्हता. त्याने दुसरा खटका दाबला आणि बटण दाबले. पंखा फिरला. पडद्यावर अक्षरे उमटली. लोटनने हात जोडले.

तापमानाचा आकडा मात्र चढत होता. पंखा वारा घालत होता आणि तो वारा कुंकवाच्या वर थांबत होता. प्रोग्राम उघडण्याआधीच पडदा काळा झाला.

त्यानंतरची शांतता त्या केबिनमध्ये फार मोठी वाटली, कारण भिंतीपलीकडचा खोकला तिच्यात आता सलग ऐकू येत होता. हेमकांत काचेशी गेला. आत बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या नेहमीच पदर लावून बसत. दीपमाला एका गोणीवर वाकली होती; तिने वर पाहिले, त्याला पाहून हात हलवला, मग डोळ्यांकडे बोट करून मिरचीच्या ढिगाकडे बोट केले. तिखट आहे, असे तिचे म्हणणे. तिचे डोळे लालभडक होते. काल संध्याकाळीही ते लाल होते का? त्याने आठवून पाहिले. तो रोज संध्याकाळी त्या डोळ्यांकडे पाहत होता आणि आज त्याला त्यांचा कालचा रंग सांगता येत नव्हता. वास घेण्यासाठी त्याने दाराच्या रबरी फटीला नाक लावले. मिरची. भुकटी. आणि त्यामागे काही? तो सकाळपासून त्याच हवेत होता. त्याचे नाक आता साक्षीदार म्हणून बाद होते.

दार उघडून सगळ्यांना बाहेर काढावे, असे त्याला वाटले. पण कशाच्या आधारावर? ठसक्याच्या? शेठ विचारतील, मास्तर, मिरचीच्या गोदामात ठसका लागला म्हणून गाडी थांबवायची? आणि काही निघाले नाही तर उद्यापासून दीपमाला येथे नसेल. यंत्र सांगेल, मग आपण सांगू. असा विचार करून तो यंत्राकडे वळला, आणि हे वळणेही एक प्रकारची पूजाच होती, हे त्या क्षणी त्याच्या लक्षात आले नाही.

या खेपेला त्याने कोणाला विचारले नाही. कूलर काढला, तळ उलटा केला. कुंकू आणि पेस्ट मिळून गुलाबी चिखल झाला होता. दाखूबाई काही बोलणार तोच त्याने तो स्पिरिटने पुसला, पुन्हा पुसला, तांबे आरशासारखे होईपर्यंत पुसला. बाईंनी डोळे मिटून घेतले. त्याने पेस्टचा बारीक थेंब टाकला, कूलर बसवला, आकडे अडकवले. मदरबोर्ड पुन्हा वाकला, पुन्हा सरळ झाला. बटण दाबून त्याने आडवा ठेवलेला खोका उभा केला आणि तारा जोडण्यासाठी भिंतीकडे वाकला.

खोक्याच्या भिंतीकडच्या बाजूला पाच लाल बोटे उमटलेली होती.

त्याला आधी वाटले, बाईंनी कुंकवाने पुन्हा काही केले. मग त्याने समोरची बाजू पाहिली. तेथली बोटे पिवळी होती. माथ्यावरची नारिंगी होती, आणि भिंतीतल्या भोकाकडे जावे तशी गडद होत गेली होती.

“माजी,” तो म्हणाला, “ह्या खोकाले कंकू तुम्ही लायं का?”

“कंकू ते त्या तांबावरच सरी गयं,” दाखूबाई म्हणाल्या. “खोकाले नुसती हाळद लायी मी.”

भोकाखालच्या फळीवर वाटी होती. तिच्यातल्या ओल्या हळदीवर दुधावर साय धरावी तशी तांबडी साय धरली होती. त्याने बोट बुडवले. खाली हळद पिवळीच होती.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे धुणे धुणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. साबणात जो गुण आहे तोच अमोनियात आहे. त्या वाटीला कोणी साबण लावला नव्हता; भोकातून फक्त हवा येत होती, दालनातली हवा.

पडद्यावर अक्षरे सरकत होती. तापमानाचा आकडा या वेळी चढून स्थिर झाला होता. नवा कूलर उत्तम बसला होता. आणखी थोडा वेळ थांबले असते तर प्रोग्राम उघडला असता आणि जे सांगायचे ते यंत्राने स्वतःच्या अधिकाराने सांगितले असते. हेमकांत थांबला नाही. त्याने दार ओढले.

गारव्याबरोबर जे बाहेर आले ते डोळ्यांत सुईसारखे शिरले. शर्टाची कड नाकावर धरून तो आत धावला. बायका अजून खुडत होत्या. कोणी खोकत, कोणी नाक शिंकरत, पण हात चालू होते, कारण मिरची खोकल्यासाठी थांबत नसते. दीपमाला टोकाला तुळशीबाईपाशी गुडघ्यावर बसली होती आणि तिला पाणी पाजू पाहत होती. तिने मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्याला प्रथमच शंका दिसली.

“दीपा, बठ्ठ्यास्ले बाहेर काढ,” तो म्हणाला. “हाई मिरची नही शे.”

शटरची साखळी गाठून तिने अंगाचा भार टाकला. शटर वर गेले आणि माळावरची भट्टीसारखी लू आत घुसली. आयुष्यात कधी ती इतकी गोड लागली नव्हती, असे एक बाई नंतर म्हणाली. बायका ओणव्या होऊन बाहेर पडू लागल्या. हेमकांतने तुळशीबाईला काखेत धरून ओढत नेले. तिच्या घशातून शीळ निघत होती. वर, ओल्या फडक्यातून, धूर नव्हे, वाफ नव्हे, असे काहीतरी पांढरे भिंतीवरून ओघळत होते. लोटन मुख्य झडप बंद करायला धावला. तोंडावर काही न बांधता धावला, आणि परत आला तेव्हा बराच वेळ त्याला बोलता येईना.

सगळ्या बायका कडुनिंबाखाली पोचल्यावर, रिकाम्या दालनात भोंगा वाजू लागला. यंत्र जागे झाले होते.

तुळशीबाईला मालाच्याच गाडीतून दवाखान्यात नेले. ती वाचली. तिचा आवाज मात्र फाटका झाला तो झाला. ती बोलली की कोणी लांबून कापड टरकावते आहे असे वाटते. दीपमालाचे डोळे चार दिवस नीट उघडत नव्हते. शटर उघडे राहिले, वारा फिरला, आणि दुपार उतरेपर्यंत खोक्यावरची लाल बोटे पुन्हा पिवळी झाली. वाटीवरची सायही पिवळी झाली. तो रंग तसाच असतो, अमोनिया गेला की परत फिरतो. त्यामुळे संध्याकाळी दाखवण्यासारखे काहीच उरले नाही.

न उरलेल्या पुराव्यावर मग इतिहास रचला गेला. शेठनी बाजारात सांगितले की भोंगा वाजला आणि त्याबरोबर माणसे बाहेर काढली; आपली व्यवस्था चोख आहे. दाखूबाईंनी देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, सांगितले की साथिया पुसला म्हणून संकट आले आणि हळद लावली होती म्हणून ते टळले. दोन्ही कथा एकाच घरात सुखाने नांदल्या. ज्या झडपेला फडके गुंडाळले होते ती दोहोंपैकी एकीतही नव्हती. झडप बदलली, हे खरे. स्वतंत्र गॅस-डबी मात्र आली नाही. तिची आता गरज काय, असे शेठनी विचारले. हळद आहे ना.

म्हणजे हेमकांतने जे घाबरून, अडखळत समजावून सांगितले होते त्यातला एवढा भाग शेठना पटला. रोज सकाळी दालनाच्या दारावर हळदीची पाच बोटे ओढायची आणि लोटनने येता-जाता त्यांच्याकडे पाहायचे, असा नेम सुरू झाला. एखादी चांगली गोष्ट चुकीच्या कारणाने का होईना रुजली, याचे हेमकांतला समाधान वाटले. ते आठवडाभर टिकले.

नंतर एका सकाळी दीपमालाला डबा द्यायला तो शीतगृहात गेला आणि दारावरच्या बोटांपाशी थांबला. ती फार सुंदर पिवळी होती, झेंडूसारखी. त्याने विचारले तेव्हा लोटन अभिमानाने म्हणाला की माजींची घरची हळद मळकट दिसे. आता शेठ पूजेची खास हळद पुडीने मागवतात, देवाच्या कामाला उंची वस्तू हवी. हेमकांतने नखाने थोडी खरवडून कागदात घेतली. घरी येऊन मोरीत ती ओली केली आणि तिच्यावर धुण्याचा साबण घासला. थोडा वेळ थांबला. पुन्हा घासला. ती पिवळीच राहिली. ती हळद नव्हती. रंग घातलेली पिठी होती. दालन अमोनियाने काठोकाठ भरले असते तरी ती तशीच झेंडूसारखी हसत राहिली असती, आणि लोटन तिच्याकडे पाहून निर्धास्त पुढे गेला असता.

त्याने शेठना सांगितले. देवाच्या वस्तूला साबण लावला, एवढेच शेठना ऐकू आले.

त्या रात्री जेवताना, ते काम सोड, असे त्याने दीपमालाला सांगितले. पुढच्या महिन्यात तास सुरू होतील, तोवर कसेही निभावू, असेही म्हणाला. तिने भाकरीचा तुकडा मोडला.

“मी नही गऊ, ते त्या बायास्ले कोन सांगी?” ती म्हणाली.

आता ती सकाळी निघण्याआधी जुन्या पांढऱ्या धोतराची पट्टी फाडते, स्वयंपाकाच्या डब्यातल्या हळदीत भिजवते आणि डाव्या मनगटावर बांधते. खुडणीच्या बायकांसाठी अशाच पट्ट्या ती पिशवीतून नेते. त्यांतल्या काही जणी बांधतात, काही जणी तिला हसतात. पट्टी वाळली की आत पाण्याच्या माठाशी ओली करायची असते. ती दर वेळी केली का, कामाच्या धांदलीत राहून गेली का, हे हेमकांतला कळायला मार्ग नाही. केबिनमधला कॉम्प्युटर चालू असतो. लक्ष्मीपूजन अजून लांब आहे. संध्याकाळी शीतगृहाच्या रिक्षातून ती गल्लीच्या तोंडाशी उतरते तेव्हा तो ओट्यावर उभा असतो. तो आधी तिचे मनगट पाहतो, आणि मग चेहरा.